तेजोमेघातलं गाढव

चूक बबीच्या हातून झाली, आणि तीही चांगल्या मनाने. वाईट मनाने केलेल्या चुका निदान निस्तरायला तरी सोप्या असतात.

बबीचे पप्पा चष्मेवाले. दुकानात पुढे फ्रेमांची कपाटं आणि काउंटर, पडदा सारला की मागे डोळे तपासायची चिंचोळी खोली. खोलीच्या भिंतींना ओल आली होती. खुर्चीत बसलेल्या माणसाला अक्षरांच्या तक्त्याखेरीज बघायला काही असलंच तर ते पोपडे. बबी स्वतः तारांगणात नोकरीला होती. घुमटाखाली लोकांना काळोखात बसवायचं, तारे दाखवायचे, आणि पाठ टेकताच घोरायला लागणाऱ्यांवर आवाज चढवून बोलत राहायचं, हे तिचं काम. तिथल्या कपाटात गेल्या वर्षीचं एक कॅलेंडर पडून होतं. दर महिन्याला एक तेजोमेघ, कुठला गुलाबी, कुठला निळा, कुठला विस्तवासारखा. तिने पानं कापली, साध्या चौकटींत बसवली आणि एका दुपारी पप्पांच्या खोलीत टांगली.

“छान,” पप्पा म्हणाले. “ओल झाकली गेली.”

तेवढ्यावर भागलं असतं तर बरं झालं असतं. पण त्याच सुमारास चर्चच्या पंचांची निवडणूक झाली आणि पप्पा पडले. नुसते पडले नाहीत, बेकरीवाल्याकडून पडले. बेकरीवाला चालू प्रार्थनेत भलत्याच जागी ‘आमेन’ म्हणतो हे पप्पा वर्षानुवर्षं चारचौघांना सांगत आले होते. चारचौघांनी ते मन लावून ऐकलं आणि मत बेकरीवाल्याला दिलं. पप्पांनी घरात बोलणं टाकलं. गिऱ्हाईक नसलं की मागच्या खोलीत खुर्चीवर बसून भिंतीकडे बघत राहायचे. आणि दुखावलेला माणूस फार वेळ भिंतीकडे बघत बसला की भिंत त्याला काहीतरी दाखवतेच.

पप्पांना भिंतीने सिंह दाखवला.

“ही आयाळ,” त्यांनी बबीचा दंड धरून तिला चित्रासमोर उभं केलं. “हा जबडा. हा पुढे टाकलेला पंजा. दिसतंय?”

“पप्पा, तो वायू आहे. वायू आणि धूळ.”

“आदामसुद्धा धूळच होता.”

बायबलमधल्या याकोबाने मरणशय्येवर आपल्या बारा मुलांना जवळ बोलावून एकेकाचं भाकीत सांगितलं, ही गोष्ट पप्पांनी पाळण्यात असल्यापासून ऐकली होती. यहूदा म्हणजे सिंहाचा छावा. दान म्हणजे वाटेवर दबा धरलेला साप. नफताली मोकळी सुटलेली हरिणी, बन्यामीन फाडून खाणारा लांडगा, योसेफ झऱ्याकाठची फळांनी लवलेली फांदी, आणि इस्साखार म्हणजे दोन ओझ्यांच्या मधे बसकण मारलेलं बळकट गाढव. या मुलांपासून निघालेले सगळे वंश आता त्यांना पोपड्यांवर एका रांगेत दिसायला लागले.

“मुलगे बारा, वंश बारा,” ते म्हणाले, “आणि आभाळातली चित्रं किती? मोज तूच.”

“चित्रं बारा आहेत कारण महिने बारा आहेत. ते कॅलेंडर होतं, पप्पा!”

“आणि महिने बारा कोणी केले?”

याला बबीकडे उत्तर होतं, पण ते लांबलचक होतं. वादात आखूड उत्तर जिंकतं आणि लांब उत्तराला लोक जांभया देतात, हे तिला घुमटाखालच्या अनुभवाने ठाऊक होतं. वेड आहे, आठवड्याभरात उतरेल, असं तिला वाटलं.

ते उतरायच्या ऐवजी चढलं, त्याला शवपेट्या बनवणारा सुतार कारण झाला. बिचारा जवळचं दिसत नाही म्हणून आला होता. पप्पांनी त्याची हनुवटी टेकूवर ठेवली, टॉर्चचा उजेड पाडला, भिंगातून डोळ्यात पाहिलं आणि तिथेच थिजले. काळ्याभोर बाहुलीभोवती तपकिरी तंतूंचं कडं, मधेच एक सोनेरी ठिपका, कडेला धुकट निळी झाक. असले डोळे पप्पांनी आयुष्यभर पाहिले होते. पण आजवर त्यांनी ते डोळे म्हणून पाहिले होते, तेजोमेघ म्हणून नाही.

“आशेर!” पप्पा ओरडले. “तुम्ही आशेरच्या वंशातले! राजाच्या पंगतीचं अन्न तुमच्या वाट्याला आहे.”

“मला तर काही पचत नाही,” सुतार म्हणाला.

“पचेल. भाकीत आहे.”

सुतार तसाच, नंबर न घेता, बाहेर पडला आणि ही बातमी त्याने गावभर केली. मेलेल्यांची मापं घेणाऱ्या माणसाला जिवंतपणी कोणी मान दिलेला नव्हता. आता एकदम त्याला वंश मिळाला होता, तोही खात्यापित्या घरचा. मग रीघ लागली. इस्राएलचे हरवलेले म्हणतात ते वंश हरवलेच नव्हते, ते इथेच लाँड्रीत इस्त्र्या फिरवत होते, पोस्टाच्या खिडकीत शिक्के मारत होते, असा शोध पप्पांनी लावला. दर रविवारी उपासना संपली की माणसं पायऱ्या उतरून थेट दुकानाकडे वळायची. पडदा सारायचा, हनुवटी टेकवायची, आणि आपण कोण हे ऐकून बाहेर यायचं.

बेकरीवालाही आला, कारण बायकोने ढकलला. पप्पांनी त्याच्या डोळ्यात सगळ्यात जास्त वेळ पाहिलं. “रऊबेन,” ते शेवटी दुःखी आवाजात म्हणाले. “पाण्यासारखा अस्थिर. कधी वर यायचा नाही. माझा इलाज नाही हो, जे आभाळात आहे तेच डोळ्यात आहे.” शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंच्या डोळ्यात दानाचा साप निघाला. हे ऐकून त्यांच्या हाताखाली शिकलेल्या सगळ्या गावाचा पप्पांवर तत्काळ विश्वास बसला.

आणि पप्पा स्वतः? त्यांनी आरशात पाहिलं होतं. यहूदा. सत्ता यहूदाच्या हातून जायची नाही, असं भाकीत. “पंच काय, येतात आणि जातात,” असं ते आता बेकरीवाल्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणत.

चर्चचे पाळकसाहेब बबीला गाठायला तारांगणात आले. टोपी हातात, चेहरा चिंतेचा.

“तू शिकलेली आहेस,” ते म्हणाले. “बापाला समजाव. हे शास्त्राला धरून नाही.”

“तुमच्या शास्त्राला की माझ्या?”

“दोन्हींना. मंडळीत फूट पडेल. काल दोन लांडग्यांनी हरिणीच्या शेजारी बसायला नकार दिला.”

“मग तुम्हीच उपासनेत सांगा ना.”

पाळकसाहेबांनी टोपी फिरवली. “सांगितलं असतं. पण मी परवा सहज तिकडून जात होतो, तर तुझ्या वडिलांनी बसवलं खुर्चीत. लेवी निघालो. याजकांचा वंश.” त्यांनी घसा खाकरला. “आता एवढी गोष्ट खरी निघाल्यावर बाकीचं सगळंच खोटं, असं तोंडाने कसं म्हणू?”

बबीने त्यांना दारापर्यंत सोडलं. याकोबाने लेवीला शिमोनासकट चांगलं फैलावर घेतलं होतं, हे पाळकांना आठवत नव्हतं की आठवून घ्यायचं नव्हतं, कोण जाणे.

घरात स्फोट झाला तो जेवणाच्या टेबलावर. आता घरच्यांचीही तपासणी झाली पाहिजे म्हणून पप्पांनी मम्मीच्या डोळ्यात टॉर्च मारला. मम्मीच्या हातात भाजीचं पातेलं होतं, खांद्यावर पुसायचं फडकं होतं, आणि दिवसभर दुकान तिनेच सांभाळलं होतं, कारण पप्पांना वंशांतून सवड नव्हती. एक गोष्ट सांगितली पाहिजे. मम्मी आणि पप्पा चष्म्याच्या कोर्सला एकाच वर्गात होते, तिथेच त्यांचं जमलं. मम्मीला मार्क जास्त पडले होते. दुकान काढलं तेव्हा एकाने आत बसायचं आणि एकाने काउंटरवर असं ठरलं. कोण कुठे बसणार हे ठरवायला मात्र कोणी मार्क पाहिले नाहीत.

“इस्साखार,” पप्पा समाधानाने म्हणाले.

“म्हणजे?”

“बळकट गाढव. दोन ओझ्यांच्या मधे बसलेलं. अगं, ही स्तुती आहे! त्याला विसावा दिसतो, पण तो खांदा वाकवतो आणि ओझं उचलतो. तुला किती बरोबर लागू पडतं बघ.”

मम्मीने पातेलं खाली ठेवलं. ओरडली नाही. ओरडली असती तर पप्पांना कळलं असतं.

“इतकी वर्षं मी समजत होते, माझं कोणाच्या लक्षातच आलेलं नाही,” ती म्हणाली. “तुमच्या सगळं लक्षात होतं तर. फक्त तुम्हाला ते भाकीत वाटत होतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बॅग घेऊन बहिणीकडे गेली. बबी सोडायला गेली तेव्हा वाटेत ती एवढंच म्हणाली, “बापाला सांग, गाढव चरायला गेलंय.”

पप्पांना वाटलं, येईल. तोवर त्यांच्यापुढे त्याहून मोठं काम होतं. पानांवरचे तेजोमेघ लहान पडत होते, आता वंशांना आपलं आभाळ आभाळाएवढं बघायचं होतं. ते तारांगणाच्या संचालकांना जाऊन भेटले. त्या घुमटाखाली शाळांच्या सहली सोडल्या तर कुत्रं फिरकत नव्हतं. अख्खा हॉल भरेल एवढी माणसं आपणहून येताहेत हे ऐकल्यावर संचालकांनी पप्पांना स्वतःच्या खुर्चीत बसवलं.

“सर, हे भंपक आहे,” बबी म्हणाली.

“मॅडम, आपण भंपक काहीच बोलायचं नाही. आपण फक्त तेजोमेघ दाखवायचे. त्यात त्यांना गाढव दिसलं तर तो त्यांचा वैयक्तिक प्रश्न.”

“आणि बोलणार कोण?”

“तुम्हीच. वडील आहेत ना तुमचे? घरचंच कार्य समजा.”

बबीने नाही म्हटलं असतं. पण तिच्या डोक्यात एक बेत शिजला होता. लोकांना एकदा नीट समजावून सांगितलं की लोक समजतात, यावर तिचा अजून विश्वास होता. नोकरीच तशी होती, त्याशिवाय ती करता येत नाही.

रविवारी दुपारी हॉल गच्च भरला. माणसं वंशावार बसली होती. लांडगे एकीकडे, बंदरावर राहतील असं भाकीत असलेले जबुलूनचे दर्यावर्दी दुसरीकडे, त्यात अर्धे पोहता न येणारे. साप म्हणून निघालेल्या मुख्याध्यापिका बाई एकट्याच बसल्या होत्या, शेजारची खुर्ची घ्यायला कोणी धजावत नव्हतं. पप्पा पुढच्या रांगेत मधोमध. दिवे मालवले, आणि घुमटावर यहूदाचा तेजोमेघ उगवला. काळोखातून “आहाहा” उठलं. बबीलाही कबूल करावं लागलं, आयाळ होती.

“हे रंग डोळ्यांना दिसणारे नाहीत,” तिने सुरुवात केली. “दुर्बिणीने टिपलेल्या प्रकाशाला आपण नंतर रंग देतो. कुठला वायू कुठे आहे ते कळावं म्हणून. दुसरी गोष्ट. आभाळात वर आणि खाली नसतं. कॅलेंडर छापणाऱ्याने चित्र असं धरलं म्हणून ते असं दिसतं. त्याने ते असं धरलं असतं, तर?”

तिने चित्र फिरवलं. आयाळ खाली गेली आणि तिचं पोट झालं. जबडा मागे जाऊन शेपटीचा गोंडा झाला. आणि जो पंजा पुढे टाकलेला होता तो वर उभा राहून दुभंगला, दोन लांब, टोकदार सुळके, शहाण्यासारखे ताठ.

हॉलभर माना तिरप्या झाल्या.

“पप्पा,” बबी माइकवर म्हणाली, “काय दिसतंय?”

पप्पा खुर्चीतून अर्धे उठले. बबीला त्यांचा चेहरा दिसत होता, आणि क्षणभर तिला आपल्या बेताची शरम वाटली. पण आता मागे फिरणं नव्हतं. दुकानात काही हुशार लोक तक्ता पाठ करून येत आणि न दिसणारी अक्षरंही घडाघडा म्हणून दाखवत. पप्पा त्यांच्यावर भयंकर चिडायचे. तेव्हाचे त्यांचेच शब्द तिने वापरले. “पाठ केलेलं नको. दिसतं ते बोला.”

माणूस गर्विष्ठ होता, पण आपल्या धंद्यात त्याने कधी खोटं अक्षर खरं म्हटलेलं नव्हतं.

“कान,” पप्पा म्हणाले. “कान दिसतायत.” मग अगदी हळू, “गाढव आहे.”

आता सगळं संपलं, असं बबीला वाटलं. लोक हसतील, उठतील, घरी जातील. ती पुढचं वाक्य बोलणार, तेवढ्यात मुख्याध्यापिका बाईंचा वर्गात घुमणारा आवाज आला.

“माझंही फिरवा.”

“काय?”

“माझा साप. तोही उलटाच छापलेला असणार. मला आधीपासून शंका होती. फिरवा बघू.”

बबीने काही न सुचून फिरवला. साप आडवा झाला, त्याला धुमारे फुटले.

“फांदी!” बाई कडाडल्या. “फळांनी लवलेली! मी योसेफ आहे!”

मग काय, बांध फुटला. आमचंही फिरवा, आमचंही फिरवा. बेकरीवाला खुर्चीवर चढला, आपल्या रऊबेनचं पाणी पाव फेरा फिरवलं की जबुलूनचं बंदर होतं, म्हणाला. दोन लांडगे माइकच्या वायरीत अडकून पडले. जे आधीच योसेफ होते ते नव्या योसेफांना जागा द्यायला तयार नव्हते. पाळकसाहेब दोन्ही हात वर करून शांत व्हा, शांत व्हा म्हणत बबीपर्यंत पोहोचले आणि तिच्या कानात म्हणाले, “माझं नको हं फिरवूस. आहे ते ठीक आहे.” सुतार तेवढा जागच्या जागी बसून राहिला. त्याला आशेर मानवला होता.

“अहो, ऐका!” बबी ओरडली. “ती धूळ आहे! तिथे तारे जन्मतात, तारे मरतात, तिला आपली नावंसुद्धा माहीत नाहीत!”

“ते राहू दे, पोरी,” कोणीतरी म्हणालं. “अजून जरा डावीकडे घे.”

संचालक दाराशी उभे होते. त्यांना गोंधळ दिसत नव्हता, भरलेल्या खुर्च्या दिसत होत्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी फळ्यावर लिहून टाकलं, दर रविवारी दुपारी ‘आपला तेजोमेघ, आपला वंश’, सादरकर्त्या माजी मुख्याध्यापिका बाई. बबीने बोलायला नकार दिला, तेव्हा तिला समजूतदारपणे सकाळचे शाळांचे खेळ दिले. तिथे निदान मुलं स्वतःची चित्रं फिरवून मागत नाहीत, फक्त पेंगतात.

पप्पांना मात्र आता कोणी विचारत नव्हतं. ज्या सिंहाने स्वतःच्या तोंडाने गाढव म्हटलं, त्याच्याकडे कोण येणार? दुकानात आठवडाभर ते एकटेच होते. आत तपासायला गेले की बाहेर गिऱ्हाईक निघून जायचं, बाहेर आले की आतलं माणूस हनुवटी टेकवून ताटकळायचं. कुठली फ्रेम कुठल्या खणात हे त्यांना माहीत नव्हतं. एकाचा चष्मा दुसऱ्याला गेला आणि दुसऱ्याने तो दोन दिवस लावला.

शेवटी ते बबीला घेऊन मावशीच्या दारी गेले. मावशीने दार उघडलं, पण अर्धंच.

“या भाऊजी. कोण म्हणून आलात? सिंह की आणखी काही?”

“बाईसाहेब आहेत का?” पप्पा खाली बघत म्हणाले.

मम्मी आत सोफ्यावर पाय पसरून बसली होती. बबीने तिला असं बसलेलं पाहिल्याला किती वर्षं झाली होती, तिला आठवेना. मम्मी उठली नाही.

“माझं चुकलं,” पप्पा म्हणाले.

“काय चुकलं?”

“गाढव म्हणालो ते.”

“ते नाही हो. ते तर बरोबर ओळखलंत. ओझं दिसलं तुम्हाला. दिसल्यावर उचलायला हात पुढे केला नाहीत, ते चुकलं.”

पप्पा उभे राहिले. मावशीने त्यांना बसा म्हटलं नाही आणि बबीनेही म्हटलं नाही.

“मी येईन,” मम्मी म्हणाली. “पण मागच्या खोलीत मी बसणार. काउंटरवर तुम्ही. आणि ती चित्रं उतरवा, ओल दिसू दे. कधीतरी कोणी ती दुरुस्त तरी करेल.”

“लोक काय म्हणतील?”

“लोकांना दर रविवारी नवीन काहीतरी म्हणायला मिळतंय. आपल्याकडे बघायला त्यांना वेळ नाही.”

पप्पांनी चित्रं उतरवली, भिंत खरवडली, रंगवली. ओल पुन्हा आली, पण थोडी उशिरा. खण शिकायला त्यांना वेळ लागला. मम्मी आतून ओरडायची, “वरून तिसरा! तुमचा वरचा कुठला?” आणि पप्पा निमूट खाली वाकायचे.

मग एका दुपारी पाळकसाहेब आले. बबी सुट्टीवर होती, काउंटरवर पप्पांना मदत करत होती. पाळकांनी इकडेतिकडे पाहिलं, पडदा सारून आत गेले आणि दबक्या आवाजात म्हणाले, “तारांगणातल्या बाई म्हणतात, मी लेवी नाहीच, शिमोन आहे. तुम्ही एकदा नीट बघून सांगता का?”

“बसा,” मम्मी म्हणाली. “हनुवटी टेकवा. समोरच्या तक्त्याची शेवटची ओळ वाचा.”

आत खुर्ची करकरली.

“कुठे आहे ओळ?” पाळकसाहेबांनी विचारलं.

“बरं. मग त्याच्या वरची?”

“तीसुद्धा... अंदाजे सांगू का?”

“अंदाज नको,” मम्मी म्हणाली. “आधी चष्मा करू. वंशाचं नंतर तुमचं तुम्हालाच दिसेल.” आणि तिने पडद्याबाहेर हाक मारली, “अहो, काळी फ्रेम, जाड काड्यांची! डावीकडच्या कपाटात!”

“आणतो,” पप्पा म्हणाले, आणि उजवीकडचं कपाट उघडलं.